पांढरी मुसळी

मृगाचा पाऊस झाला, की डोंगरउतारावर झाडांच्या सावलीत मुसळीची लांब पाने वर येतात. दुरून पाहिले तर गवतच वाटते. पुढे पानांमधून एक दांडा निघतो. त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुले लागतात. हीच पांढरी मुसळी, म्हणजे सफेद मुसळी. काळी मुसळी वेगळी. तिची फुले पिवळी असतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाने वाळून जातात. झाड मेले असे वाटते. पण ते जमिनीखाली जिवंत असते. पुढच्या पावसात पुन्हा फुटते.

मुसळी आपल्याच देशाची. तिचे शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरिविलियानम. त्यात मुंबईचे बोरिवली आहे! सांतापाव आणि फर्नांडिस या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५५ साली हे नाव दिले.

झाड उपटले, की खाली बोटांसारख्या मुळ्यांचा झुपका दिसतो. आयुर्वेदात या मुळ्या शक्तीच्या औषधात घालतात. म्हणून त्यांना चांगला भाव येतो. आणि इथेच घात होतो. भर पावसात, पाने दिसली की लोक झाड समूळ उपटतात. तेव्हा मुळ्या कोवळ्या असतात. बी जमिनीत पडलेले नसते. शिवाय मुसळीचे बी फार कमी उगवते. मग पुढच्या साली तिथे काय राहणार? अशाने पुष्कळ रानांतून मुसळी कमी झाली आहे.

मग करावे काय? नीट ध्यानात घ्या.

१. पाने हिरवी आहेत तोवर जागेवर काठी रोवून खूण करावी.

२. पाने वाळून मुळ्यांची साल गडद तपकिरी झाली, की मगच खणावे.

३. मुळ्या जिथे जुळतात, तिथे लहानसा गड्डा असतो. त्यावर डोळे असतात. नवा कोंब तिथूनच येतो. नुसती मुळी पुरली तर उगवत नाही. म्हणून जाड मुळ्या काढून घ्याव्या आणि दोन-तीन मुळ्यांसह गड्डा परत मातीत लावावा. सगळी झाडे काढू नयेत, काही तशीच राखावी.

४. मुळ्या धुऊन, सोलून उन्हात वाळवाव्या. सुमारे पाच किलो ओल्या मुळ्यांची एक किलो वाळलेली मुसळी होते.

शेतातही मुसळी होते. पाण्याचा निचरा होणारी भुसभुशीत जमीन हवी. पाणी साचले तर मुळ्या कुजतात. मात्र कोणी महागडे बियाणे देऊन "माल आम्हीच घेऊ" म्हणाला, तर आधी कागद मागा. तो स्वतः वाचा. आता तुम्हांला वाचता येते, बरं का!

२००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांना असा रानमेवा गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. खणायचे कधी आणि किती, हे गावाने मिळून ठरवावे. एकट्याने गड्डा राखला आणि दुसऱ्याने उपटला, तर उपयोग काय?

मुळ्या हे व्याज आहे, गड्डा हे मुद्दल. व्याज खावे, मुद्दल राखावे, असे आमचे सांगणे आहे.

सांगा पाहू :
१. मुसळी पावसाळ्यात का खणू नये?
२. नवा कोंब कुठून येतो?
३. तुमच्या गावच्या रानात मुसळी आहे का? पूर्वी किती होती, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा व वहीत लिहा.