आजारातील जीवनाचे मोजमाप

१९८२ साली इंग्लंडमध्ये रक्तदाबाच्या ७५ रुग्णांची एक लहानशी पाहणी प्रसिद्ध झाली. हे सर्व रुग्ण औषधे घेत होते आणि त्यांचा रक्तदाब आटोक्यात आलेला होता. उपचारांमुळे रुग्णाचे जीवन सुधारले की बिघडले, हा एकच प्रश्न तिघांना विचारण्यात आला : उपचार करणाऱ्या डॉक्टरला, खुद्द रुग्णाला आणि रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकाला. डॉक्टरांच्या मते पंचाहत्तरच्या पंचाहत्तर रुग्णांचे जीवन सुधारले होते. रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांनीच आपल्याला बरे वाटते असे सांगितले. नातेवाइकांपैकी मात्र जवळजवळ सर्वांचे म्हणणे असे पडले की घरातील माणूस पूर्वीचा राहिलेला नाही. त्याचा उत्साह ओसरला आहे, तो चिडचिडा झाला आहे आणि आजाराखेरीज त्याला दुसरे काही सुचत नाही.

या तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. डॉक्टरपुढे रक्तदाबमापकातील पाऱ्याची पातळी होती, आणि ती निश्चितच खाली आली होती. रुग्णापुढे त्याचे स्वतःचे शरीर होते, तर नातेवाइकापुढे रोजचा संसार होता. वैद्यकाने शतकानुशतके यांपैकी पहिल्याच साक्षीदाराची जबानी नोंदवून घेतली. उरलेल्या दोघांची, विशेषतः रुग्णाची, जबानी कशी घ्यावी आणि तिला आकड्याचे रूप कसे द्यावे, हा जीवनाच्या गुणवत्तेच्या मोजमापाचा विषय होय. येथे शब्दाविषयी थोडी सावधगिरी बाळगावी लागते. ‘जीवनमान’ या शब्दाने मराठीत अन्न, वस्त्र, निवारा आणि मिळकत यांचा बोध होतो. येथे अभिप्रेत आहे ते निराळे. भरपूर मिळकत असलेल्या माणसालाही घास गिळता येत नसेल, तर त्याचे जीवनमान उंच असून जीवनाची गुणवत्ता मात्र खालावलेली असते.

कर्करोगाच्या बाबतीत या दिशेने पहिले महत्त्वाचे पाऊल १९४८ च्या सुमारास अमेरिकेत पडले. युद्धातील विषारी वायूंच्या अभ्यासातून निघालेली नायट्रोजन मस्टर्ड ही औषधे तेव्हा कर्करोगावर वापरून पाहिली जात होती. त्यांनी रोग समूळ बरा होत नसे. मग ती द्यावयाची कशासाठी, आणि त्यांचा उपयोग झाला हे ओळखावयाचे कशावरून? डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शून्य ते शंभर अशी दहा-दहाच्या टप्प्यांची एक श्रेणी तयार केली. शंभर म्हणजे कोणतीही तक्रार नसलेला माणूस. सत्तर म्हणजे स्वतःचे स्वतः करू शकणारा, परंतु कामधंदा करू न शकणारा. पन्नासावर आलेल्या रुग्णाला बरीच मदत आणि वारंवार वैद्यकीय उपचार लागतात. शून्य म्हणजे मृत्यू. ही श्रेणी इतकी सुटसुटीत आहे की ती आजही वापरात आहे. परंतु तिच्यात एक उणीव होती, आणि ती लक्षात येण्यास बराच काळ जावा लागला. गुण देणारा डॉक्टर होता. रुग्णाला काहीच विचारले जात नव्हते. अंथरुणाला खिळलेला परंतु वेदनामुक्त आणि आप्तांच्या सहवासात असलेला रुग्ण, आणि हिंडताफिरता परंतु भयाने पोखरलेला रुग्ण, यांत दुसरा या श्रेणीवर नेहमीच वरच्या पायरीवर राहणार.

१९७६ मध्ये प्रीस्टमन आणि बॉम या ब्रिटिश डॉक्टरांनी स्तनाच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांपुढे कागदावर आखलेल्या दहा सेंटिमीटर लांबीच्या रेघा ठेवल्या. प्रत्येक रेघेचे एक टोक म्हणजे अगदी उत्तम स्थिती आणि दुसरे टोक म्हणजे अत्यंत वाईट स्थिती. वेदना, मळमळ, मनःस्थिती, भूक अशा एकेका गोष्टीसाठी स्वतःची जागा जेथे वाटते तेथे रुग्ण स्त्रीने खूण करावयाची. मग पट्टी घेऊन ते अंतर मोजावयाचे. एवढ्या साध्या युक्तीने मोजणाऱ्याची जागा डॉक्टरकडून रुग्णाकडे आली.

या बदलाचे मोल किती होते हे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील एका चाचणीवरून स्पष्ट होते. तिचा तपशील समजून घेण्याजोगा आहे. स्तनाचा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरला की तो बरा होण्याची आशा नसते. औषधांनी त्याला काही काळ थोपवून धरता येते. ही औषधे त्रासदायक असतात. ओकाऱ्या होतात, केस गळतात, अशक्तपणा येतो. तेव्हा डॉक्टरांनी असा विचार केला की औषधांच्या तीन फेऱ्या देऊन थांबावे आणि रोग पुन्हा वाढू लागला तरच पुढच्या फेऱ्या द्याव्यात; मधल्या काळात रुग्णाला मोकळा श्वास घेता येईल. दुसऱ्या गटाला उपचार अखंड चालू ठेवावयाचे होते. खंड पाडून उपचार घेणाऱ्या स्त्रियांचे जीवन अधिक सुसह्य होईल, अशी अपेक्षा होती. ती सर्वस्वी सहृदयतेची होती आणि कोणत्याही विचारी माणसाला पटेल अशीच होती.

रेघांवरील खुणांनी मात्र उलट साक्ष दिली. पहिल्या तीन फेऱ्यांत, म्हणजे दोन्ही गटांना औषधे मिळत होती त्या काळात, स्त्रियांची स्थिती त्यांच्याच सांगण्यानुसार सुधारली. नंतर ज्यांचे उपचार थांबवले त्यांची शारीरिक स्वस्थता, मनःस्थिती आणि भूक ही दुसऱ्या गटाच्या तुलनेने खालावली. याचा अर्थ असा लावण्यात आला की रोगाच्या वाढीने होणारा त्रास हा औषधांच्या त्रासापेक्षा अधिक होता. गाठी आक्रसल्या की वेदना हटत आणि त्या सुखापुढे ओकाऱ्या सहन होत. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ओकाऱ्या दिसतात. हाडांत ठसठसणारी वेदना दिसत नाही. डॉक्टरांची दया चुकीच्या दुःखावर खर्च झाली असती.

पुढल्याच वर्षी, १९८८ मध्ये, लंडनमधील स्लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न थेट तपासला. एकाच रुग्णाविषयी डॉक्टरने आणि रुग्णाने स्वतंत्रपणे भरलेल्या श्रेणी त्यांनी ताडून पाहिल्या. त्यांचा परस्परांशी मेळ फारसा बसला नाही. निष्कर्ष उघड होता : जीवनाची गुणवत्ता मोजावयाची तर ती रुग्णानेच मोजली पाहिजे.

यानंतरच्या दशकात प्रश्नावल्यांचे युग सुरू झाले. कर्करोगाच्या संशोधन व उपचारासाठी स्थापन झालेल्या युरोपीय संघटनेने तयार केलेली तीस प्रश्नांची प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची चाचणी १३ देशांतील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर घेण्यात आली होती. चालण्याफिरण्याची शक्ती, कामकाज, भावना, स्मरण व एकाग्रता, कुटुंब व समाज यांतील वावर, त्याचप्रमाणे थकवा, वेदना, मळमळ, झोप आणि उपचारांमुळे आलेली पैशाची ओढाताण, या सर्वांची तीत चौकशी असते. बहुतेक प्रश्नांना ‘मुळीच नाही’पासून ‘फारच’पर्यंत चार उत्तरे असतात. त्यांवरून प्रत्येक अंगासाठी शून्य ते शंभर असा आकडा काढला जातो. या आकड्यांकडे तापमापकाच्या आकड्यांप्रमाणे पाहू नये. साठाचे त्रेसष्ट झाले म्हणून रुग्णाला काही निराळे वाटते असे नाही. १९९८ मधील एका अभ्यासात असे आढळले की पाच ते दहा गुणांचा फरक पडला म्हणजे रुग्ण ‘थोडा बदल झाला’ असे म्हणतात, आणि वीसाहून अधिक फरक झाला म्हणजे ‘खूप’.

ही प्रश्नावली मराठी व हिंदीसह अनेक भारतीय भाषांत आली आहे. अशी भाषांतरे करताना मूळ मजकुराचे भाषांतर एकाने करावयाचे, ते न पाहिलेल्या दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत आणावयाचे, दोन्ही ताडून पाहावयाचे आणि शेवटी काही रुग्णांना वाचून दाखवून त्यांना काय समजले ते विचारावयाचे, असा प्रघात आहे. एवढे करूनही काही गोष्टी निसटतात. जड पिशवी किंवा प्रवासाची पेटी उचलताना त्रास होतो काय, हा प्रश्न युरोपातील शहरवासीयाच्या शक्तीचा अंदाज घेण्यास योग्य आहे. जिने कधी प्रवासाची पेटी उचलली नाही, परंतु जी रोज दोन घागरी पाणी आणते, त्या स्त्रीला तो परका वाटतो. शिवाय ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रश्न दुसऱ्या कोणी वाचावे लागतात. वाचणारा रुग्णालयातील कर्मचारी असेल तर रुग्ण संकोचाने तक्रार कमी सांगतो. शेजारी मुलगा बसलेला असेल तर पैशाच्या ओढाताणीविषयीच्या प्रश्नाला ‘मुळीच नाही’ हेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक. आणि आपल्याला कोणता रोग झाला आहे हेच ज्याच्यापासून घरच्यांनी लपवून ठेवले आहे, त्याला भवितव्याच्या चिंतेविषयी विचारणे हे तर अवघडच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतर स्वतःचे मोजमाप तयार करताना या अडचणींची दखल घेतली. ते एका भाषेतून इतर भाषांत न नेता जगातील पंधरा केंद्रांनी एकाच वेळी घडवले. त्यांत दिल्ली आणि मद्रास ही दोन केंद्रे होती. माणूस ज्या संस्कृतीत व ज्या मूल्यांत जगतो, त्यांच्या संदर्भात स्वतःच्या स्थितीविषयी त्याची जी जाणीव असते, ती म्हणजे जीवनाची गुणवत्ता, अशी भूमिका संघटनेने घेतली.

याहून सूक्ष्म अडचण मापकाची नसून मोजणाऱ्या मनाची आहे. दीर्घ आजारात माणसाची स्वतःचीच मोजपट्टी बदलत जाते. जो पूर्वी डोंगर चढत असे, तो काही महिन्यांनी दारापर्यंत आधाराविना चालता आले की समाधान मानतो आणि खूण पूर्वीच्याच जागी करतो. याला आत्मवंचना म्हणता येणार नाही. तो जगण्याशी केलेला समझोता असतो आणि पुष्कळदा तेच त्याचे सामर्थ्य असते. परंतु दोन औषधांची तुलना करणाऱ्या संशोधकाला त्यामुळे खरा ऱ्हास दिसत नाही.

एवढ्या मर्यादा असूनही रुग्णाला नियमाने विचारण्याचे फळ कधीकधी अनपेक्षित मिळते. न्यूयॉर्कमधील एका कर्करोग रुग्णालयात रसायनोपचार घेणाऱ्या ७६६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटातील रुग्ण आपली बारा लक्षणे संगणकावरून वेळोवेळी कळवत आणि एखादे लक्षण बळावले की परिचारिकेला सूचना जाई. दुसऱ्या गटाची देखभाल नेहमीप्रमाणे झाली. पहिल्या गटाचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने, तर दुसऱ्याचे २६ महिने भरले. दोन्ही गटांना मिळणारे रसायनोपचार नेहमीचेच होते. पहिल्या गटाला फक्त विचारले जात होते, आणि उत्तराकडे कोणी तरी लक्ष देत होते.

अखेरीस कोऱ्या कागदांचा प्रश्न उरतो. समजा, एखाद्या चाचणीच्या आरंभी शंभर रुग्णांनी प्रश्नावली भरली आणि सहा महिन्यांनंतर चाळीसच भरलेल्या आल्या. त्या चाळिसांची सरासरी आरंभीपेक्षा चांगली निघेल आणि उपचार गुणकारी ठरेल. परंतु उरलेल्या साठांपैकी काही मरण पावलेले असतात, काहींना लेखणी धरवत नसते, काहींना रुग्णालयापर्यंतच्या प्रवासाचे भाडे परवडत नसते. ज्यांची जबानी सर्वांत आवश्यक, नेमके तेच गैरहजर राहतात. म्हणून अशा चाचणीचा अहवाल वाचताना जाणकार वाचक सरासरीचा आकडा नंतर पाहतो; किती कागद परत आले, आणि न आलेल्यांची चौकशी कोणी केली काय, हे तो आधी पाहतो.