म्हणे, रंधा चांगला आणि हात वाईट

लहान रंधा घेताना डब्यावरचा नंबर वाचू नका, रंग पाहू नका, आणि दुकानदार काय म्हणतो तिकडे तर कानाडोळाच करा. रंधा उलटा धरा आणि तळ बघा. एवढी एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर एक अख्खी चवथ मी शिव्या देत घालवली नसती.

2018 च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी पुन्हा थांबल्या. त्यानंतर आमच्या कारापुरात कोणी काय केलं आणि कोणाचे ट्रक कुठे गेले, ते इथल्या लोकांना मी नव्याने सांगायला नको. मी लाकडाकडे वळलो. पाट, चौरंग, देव्हारे, क्वचित एखादं मखर. मोठी कामं मशीनवर होतात. पण मशीनने रंधलेल्या फळीवर बारीक लाटा राहतात, त्या दिवसा दिसत नाहीत आणि पॉलिश चढलं की डोळ्यांत भरतात. ड्रॉवर जरा घट्ट झाला, चौरंगाच्या पायाचा सांधा केसभर वर आला, तर त्यासाठी कोणी मशीन सुरू करत नाही. तिथे हाताचा रंधाच लागतो, आणि तोही छोटा.

म्हणून मी तीन रंधे एकदम घेतले: एक स्मूदिंग, म्हणजे चार नंबरचा, एक ब्लॉक रंधा आणि एक रिबेटचा. दुकान मोठं, नावाजलेलं. कुठलं ते लिहीत नाही. दुकानदाराने ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ असं तीनदा म्हटलं. डबे चकचकीत, पितळी चाकं चकचकीत, लाकडी मुठीला वार्निश. चालवून बघतो म्हटलं तर म्हणाला, ‘‘इथे लाकूड खंय आसा?’’ हार्डवेअरच्या दुकानात लाकडाचा तुकडा नाही! तेव्हाच उठून यायला हवं होतं असं आता लोक मला सांगतात. लोकांना नंतर सगळं कळतं.

फणसाच्या फळीवर पहिल्याच दिवशी स्मूदिंग रंध्याने थडथड सुरू केली. फणसाची रेष एका दिशेला जात नाही, पट्ट्यापट्ट्याने उलटते, त्यामुळे जरा फाटणार हे मला ठाऊक होतं. पण हा रंधा सरळ रेषेच्या सागवानावरही नाचत होता. पातं घासलं, पुन्हा घासलं, दाबपट्टी पुढे सरकवली. फरक शून्य. परत दुकानात गेलो. मालकाने मोबाइलवरून मान वर केली नाही. रंधा हातात घेतला, अंगठ्याने पात्यावरून फिरवलं आणि निकाल दिला, ‘‘रंदो बरो आसा, हात बरो ना.’’ मागे उभ्या असलेल्या पोऱ्याला उद्देशून पुढे म्हणाला की आजकाल सगळे यूट्यूब बघून मेस्त होतात. पोरगा हसला. बिलाखाली छापलेलं होतंच: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

त्या रात्री मी खिडकीची जुनी काच टेबलावर टाकली, तिच्यावर 120 नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवला आणि रंध्याच्या तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या. पातं आत ओढून घेतलं, पण दाबपट्टी कसलेलीच ठेवली, कारण सैल केली की लोखंडाचा ताण बदलतो आणि तळ खोटं बोलतो. पाच-सहा हात मारून उलटं केलं. पुढच्या टोकाच्या रेघा पुसल्या होत्या, मागच्या टोकाच्या पुसल्या होत्या, आणि मधल्या सगळ्या, तोंडाच्या, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीच्या, अगदी कडेपर्यंत, जशाच्या तशा काळ्याभोर. तोंडापाशी स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर तिच्याखालून वहीचा कागद सरकत होता. म्हणजे पातं लाकडाला टेकतं तिथेच रंध्याचा तळ अधांतरी. लाकूड दाबून धरायला पुढे काहीच नाही, मग ते फाटणार नाही तर काय होणार?

मग मी सगळं खोललं. पात्याखालच्या बैठकीवर रंगाचा जाड थर होता, त्यावर पातं दोन ठिकाणी टेकत होतं आणि बाकी हवेत. थडथड तिथून येत होती. पात्याच्या धारेजवळ कानस लावून पाहिली. नीट पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते. इथे ती भुसभुशीत पत्र्यात जावी तशी आत घुसली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. हात माझा होता, पण खोट त्याच्या मालात होती.

आता ज्यांना घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी.

नंबराचं खूळ आधी डोक्यातून काढा. चार नंबर, साडेनऊ नंबर हे आकडे अमेरिकेतल्या स्टॅनले कंपनीने रूढ केलेले. लेनर्ड बेली यांच्या रचनेचे हक्क तिने 1869 मध्ये घेतले. त्या पेटंटांची मुदत संपून जमाना झाला, आता कोणीही तोच आकार ओततो आणि तोच नंबर छापतो. चार नंबर म्हणजे साधारण दहा इंच लांब आणि दोन इंच पातं, एवढंच त्यातून कळतं. लोखंड कसं ओतलं, पात्याला पाणी कसं दिलं, ते कळत नाही.

तळ आरशासारखा असायची गरज नाही. पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक, हे तीन एका सपाटीत हवेत. मधे कुठे खळगा असला तर चालतो. पोट बाहेर आलेला तळ मात्र घेऊच नका, तो काचेवर डुलतो आणि घासून सपाट करताना जन्म जातो. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी ठेवा, उजेडाकडे धरून बघा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

ब्लॉक रंध्यात बैठकीचा कोन विचारा. दुकानात बहुतेकांना तो माहीत नसतो, तेव्हा स्वतःच बघा. दोन जाती असतात: साधारण 20 अंशांची आणि साधारण 12 अंशांची. या रंध्यात पात्याची धारेची उतरण वर असते, म्हणून बैठक आणि धार यांची बेरीज होते. 12 अंशांच्या बैठकीवर 25 अंशांची धार म्हणजे 37. फळीच्या कापलेल्या टोकावर तो लोण्यासारखा चालतो. त्याच रंध्यात दुसरं पातं 38 अंशांना घासून घातलं की बेरीज 50 होते, आणि आमचा उलटसुलट रेषेचा फणसही फाटायचा थांबतो. पातं बदललं की रंधा बदलला. म्हणून पैसे एकाच रंध्याचे असतील तर 12 अंशांचा, पुढे सरकतं तोंड असलेला घ्या आणि जादा पातं मागवा. चार नंबरात ही सोय नाही, तिथे धार खाली असते आणि कोन 45 चा 45 च राहतो. पुढे तोंड न सरकणारे स्वस्त ब्लॉक रंधे दाराची कड मोडायला ठीक, त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा नको.

रिबेट रंध्याबद्दल माझ्यापाशी फार सांगण्यासारखं नाही. पातं बाजूच्या भिंतीपेक्षा केसभर बाहेर हवं आणि बाजू तळाशी काटकोनात हवी, गुण्या लावून बघा. माझ्यात दोन्ही नव्हतं. लगेच लागणार नसेल तर घेऊ नका, पटाशीने बरंच भागतं. तीन रंध्यांचा संच स्वस्त पडतो म्हणून तर मुळीच घेऊ नका. संचात एक चालणारा आणि दोन गळ्यात पडणारे असतात.

जुना मिळाला तर सोनं, पण तोंडाच्या कोपऱ्यांत तडा बघा. बीड लोखंड पडलं की वाकत नाही, फुटतं.

बिल घ्या, हे सगळेच सांगतात. मी पुढचं सांगतो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वाचा. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदतच दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. खाली छापलेल्या त्या ओळीला घाबरून मी गप्प बसलो नाही. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पेन्सिलीच्या रेघांचे फोटो, कानशीची खूण, सगळं छापून तिसऱ्यांदा दुकानात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा आयोगात फी लागत नाही, हेही सांगितलं. या खेपेस मोबाइल खाली ठेवला गेला. दोन रंध्यांचे पैसे परत मिळाले, तेही ‘तुमच्या समाधानासाठी’ म्हणून. चूक कबूल केली नाही. स्मूदिंगचा तळ मी घासला होता, म्हणून तो ‘वापरलेला’ ठरला. तेव्हा तुम्ही तपासणी करताना रेघा मारा, चार-पाच हात घासा, फोटो काढा आणि थांबा. पुढचं घासणं पैशांचा निकाल लागल्यावर.

तो रंधा मी वर्कशॉपातच ठेवला. बैठकीवरचा रंग पॉलिश पेपरने काढला, तळ सपाट होईपर्यंत घासला, पातं टाकून चांगल्या पोलादाचं नवं बसवलं. त्या सगळ्याचा हिशेब केला तर सुरुवातीलाच दुप्पट किमतीचा आला असता. पण आता चालतो. पावसाळ्यात काम संपलं की त्याला शिलाई मशीनचं तेल पुसतो. खोबरेल नको, महिनाभरात चिकट होऊन त्यावर भुसा बसतो आणि भुशाखाली गंज. रंधा बाजूवर निजवून ठेवा म्हणतात, तर कोणी तळावरच ठेवा म्हणतं. मी लाकडी पट्टीवर टेकवतो, पातं अधांतरी राहतं, वाद मिटतो.

परवा बाजूच्या गावचा एक पोरगा त्याच दुकानातला तसाच संच घेऊन आला, तोच डबा, तेच पितळी चाक. मी त्याला काच, पेपर आणि पेन्सिल दिली. बिल चार दिवसांचं होतं, त्यामुळे त्याला अजून सव्वीस दिवस होते.