ठाण्याचे चार साक्षीदार



संतांच्या चरित्रांत अद्भुत कथा पुष्कळ आढळतात. कुणी त्या जशाच्या तशा खऱ्या मानतात, तर कुणी हसून सोडून देतात. आज आपण अशा एका कथेचा अभ्यास करू या. ती दूरदेशीची नाही. आपल्या जावळी खोऱ्यातली कितीतरी माणसे कामधंद्यासाठी मुंबई-ठाण्याला असतात. त्याच ठाण्यात ही घटना सातशे वर्षांपूर्वी घडली.

इतिहास : संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले. त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, १३२१ साली, चार फ्रान्सिस्कन ठाणे बंदरात उतरले : तोलेन्तिनोचे फादर थॉमस, पादुआचे फादर जेम्स, सिएनाचे फादर पीटर आणि तिफ्लिसचे ब्रदर डेमेट्रियस. सोबत डॉमिनिकन फादर जॉर्डन होते. त्या वेळी ठाण्यात नेस्टोरियन पंथाची काही ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. त्यांच्यापैकी एका घरी चौघांना आसरा मिळाला. जॉर्डन दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती लोकांना भेटायला गेले होते. ९ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारआधीच्या गुरुवारी, तिघांना ठार मारण्यात आले. ११ एप्रिलला पीटर यांना. जॉर्डन यांनी परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले व त्याच वर्षी आपल्या बांधवांना पत्राने हे कळवले. पोप तेरावे लिओ यांनी १८९४ साली थॉमस यांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली.

आख्यायिका : पुढे ओडोरिक नावाचे फ्रान्सिस्कन ठाण्यात आले. ते हुतात्म्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेले आणि १३३० साली त्यांनी आपला वृत्तांत सांगून लिहवून घेतला. त्यात ते म्हणतात, फादर जेम्स यांना धगधगत्या आगीत टाकले, पण ते सुखरूप बाहेर आले. अंगाला तेल लावून पुन्हा टाकले, तरी त्यांना आच लागली नाही. ओडोरिक त्या वेळी तिथे हजर नव्हते; त्यांनी हे ऐकलेले आहे.

मग यावर विश्वास ठेवायचा का? ख्रिस्तसभा आपल्याला तशी सक्ती करीत नाही. हुतात्म्याला धन्यवादित ठरवताना चमत्काराची अटही नसते. शिवाय कथा पुढे काय सांगते, तेही पाहिले पाहिजे. आगीतून वाचलेले जेम्स त्याच रात्री तलवारीने मारले गेले. दानिएलच्या पुस्तकातले तीन तरुणही राजाला सांगतात की, देवाने वाचवले नाही तरी आम्ही मूर्तीला नमन करणार नाही (दानिएल ३:१८). आग जाळील की नाही, यावर खरी श्रद्धा अवलंबून नसते.

आपण एका साध्या तपशिलाकडे लक्ष देऊ या. ओडोरिक सांगतात की, त्या घरच्या नवऱ्याने बायकोला मारहाण केली. ती काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असे विचारताच तिने घरी उतरलेल्या या पाहुण्यांची नावे सांगितली. अशा रीतीने ते कचेरीत गेले. तिथे बोलणे धर्मावर आले. इस्लामच्या प्रेषितांविषयी विचारल्यावर थॉमस यांनी तिखट उत्तर दिले आणि लोक खवळले. मात्र तिथल्या अधिकाऱ्याने आधी त्यांना खाडीपलीकडे पाठवले होते. आणि हत्येनंतर दिल्लीच्या सुलतानाने त्याच अधिकाऱ्याला शिक्षा केली, असेही ओडोरिक लिहितात. तेव्हा ही कथा शेजाऱ्यावर उगारण्याची काठी नव्हे.

हुतात्म्यासाठी असलेल्या 'मार्तिस' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार असाच आहे. तुम्ही माझे साक्षी व्हाल, असे प्रभू येशू शिष्यांना सांगतात (प्रेषितांची कृत्ये १:८). ठाण्याच्या त्या स्त्रीला साक्षीदार हवे होते. आपल्या वाडीत, आळीत रात्री मारझोडीचा आवाज येतो तेव्हा "त्यांच्या घरातला मामला" म्हणून आपण दार लावून घेतो. तिथे आगीतून चालायचे नसते, फक्त दार उघडून जायचे असते. एवढे धैर्य देवाने आपल्याला द्यावे.

चिंतनासाठी :
१. चमत्कार घडला नाही तर माझी श्रद्धा टिकते का?
२. कुणाच्या बाजूने खरे बोलायची वेळ माझ्यावर आली आहे का? मी काय केले?