हद्दीची रेषा

उर्दूत तुम्ही ‘हद’ हा शब्द नेहमी वापरता. मराठीत तोच शब्द ‘हद्द’ असा लिहितात. हा शब्द मूळचा अरबी. मूळ शब्दात ‘द’ दोनदा येतो, आणि मराठीने तो लिहिताना तसाच जपला आहे. म्हणून हा शब्द लिहिताना ‘द्द’ हे जोडाक्षर विसरू नका.

एक जागा संपते आणि दुसरी सुरू होते, ती रेषा म्हणजे हद्द. शेताला बांध असतो, गावाला शीव असते, देशाला सीमा असते. कागदावर नकाशा काढताना मात्र या सर्वांना ‘हद्द’ किंवा ‘सीमारेषा’ म्हणतात.

घर बांधण्यापूर्वी त्याचा आराखडा काढतात. तुम्ही असा आराखडा पाहिला आहे का? त्यात अनेक रेषा असतात, पण सर्व रेषा सारख्या नसतात. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेने दाखवतात. नवे बांधकाम लाल रंगाने आणि पाडायचे बांधकाम पिवळ्या रंगाने दाखवण्याची रीत आहे. त्यामुळे आराखडा पाहणाऱ्याला जागा कोठे संपते हे लगेच कळते.

आता एक हिशेब करू. समजा, एक भूखंड १० मीटर रुंद आणि १५ मीटर लांब आहे. त्याचा नकाशा १ : ५०० या प्रमाणात काढला आहे. म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर जमिनीवरच्या ५ मीटरांएवढा आहे. या नकाशात तो भूखंड फक्त २ सेंटीमीटर रुंद आणि ३ सेंटीमीटर लांब दिसेल. काढणाऱ्याची पेन्सिल लांब बाजूवर १ मिलिमीटर सरकली, तर काय होईल? जमिनीवर हद्द ५० सेंटीमीटर सरकेल. बाजू १५ मीटर लांब आहे, म्हणून साडेसात चौरस मीटर जागा एकाची दुसऱ्याकडे जाईल. एवढ्या जागेत एक लहान खोली बसते. पेन्सिलीची चूक एका क्षणाची असते, पण तिच्यामुळे दोन शेजारी वर्षानुवर्षे भांडत राहतात.

म्हणूनच आराखड्याचा एक नियम लक्षात ठेवा. नकाशावर पट्टी ठेवून जागेचे माप काढू नये. रेषेजवळ जे माप आकड्यांत लिहिले असते, तेच खरे मानावे. रेषा दिशा दाखवते, आकडा माप सांगतो.

जागेच्या खरेदीखतात हद्द शब्दांतही लिहितात. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस काय आणि उत्तरेस काय, हे तेथे नमूद असते. याला मराठीत ‘चतुःसीमा’ म्हणतात. उर्दूत यालाच ‘हुदूद-ए-अर्बआ’ म्हणतात. ‘हुदूद’ हे ‘हद’चे अनेकवचन आणि ‘अर्बआ’ म्हणजे चार. पाहा, भाषा दोन, पण अर्थ एकच!

पूर्वी आपल्याकडे जमीन साखळीने मोजत. मोजणीची साखळी ३३ फूट लांब असे आणि तिचे १६ भाग असत. प्रत्येक भागाला ‘आणा’ म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे १ गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. आता मोजणीसाठी नवी यंत्रे आली आहेत. तरीही हद्दीवरच्या दगडांचे महत्त्व कमी झालेले नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्यानुसार हद्दीच्या खुणा सांभाळणे ही जमीनधारकाची जबाबदारी आहे. त्या खुणा नष्ट करणाऱ्याला दंड होतो.

मित्रांनो, हद्दीची रेषा शेजाऱ्याला दूर ठेवण्यासाठी नसते. माझे काय आणि त्याचे काय हे दोघांनाही ठाऊक असावे, म्हणून ती असते. हद्द स्पष्ट असेल, तर कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी हसून बोलता येते. तेव्हा रेषा काढताना हात स्थिर ठेवा आणि शेजाऱ्याची एक वीतही जागा आपली म्हणू नका.

शब्दार्थ
आराखडा – बांधकामापूर्वी काढलेला नकाशा
भूखंड – जमिनीचा मोजलेला तुकडा
शीव – गावाची हद्द
खरेदीखत – खरेदीचा नोंदलेला कागद
नमूद – लिहिलेले
वीत – अंगठा व करंगळी ताणून होणारे अंतर

स्वाध्याय
१. चतुःसीमा म्हणजे काय?
२. नकाशावर पट्टी ठेवून माप का काढू नये?
३. नकाशाचे प्रमाण १ : १००० असेल, तर १ मिलिमीटरच्या चुकीने जमिनीवर हद्द किती सरकेल?
४. वाक्यात उपयोग करा : हद्द, बांध, शीव, सीमा.
५. तुमच्या शाळेच्या आवाराच्या चारही दिशांना काय आहे, ते पाहून चतुःसीमा लिहा.