एन. डी. ए. ची प्रवेश परीक्षा आणि इंग्रजी शब्दांची लागण



या सदरात आम्ही आजवर बेणे, खते, हुमणी आणि खोडवा यांविषयीच लिहीत आलो. या वेळी विषय वेगळा आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले. गेल्या हंगामात आमच्या एका गट ऑफिसात एक सभासद आपल्या बारावी झालेल्या मुलाला घेऊन आले. मुलगा गणितात हुशार. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एन. डी. ए. ची, लेखी परीक्षा त्याने दिली होती आणि थोडक्यात राहिला होता. "साहेब, गणितात मार्क चांगलं पडलं, पण इंग्रजीनं घात केला बघा," वडील म्हणाले. मुलगा खाली मान घालून उभा होता.

आम्ही पडलो शेतकी पदविकेचे. तरी प्रश्नपत्रिका मागवून घेतली आणि मुलाबरोबर बसलो. गणिताचा पेपर ३०० गुणांचा आणि सामान्य क्षमतेचा ६०० गुणांचा. या ६०० पैकी २०० गुण नुसत्या इंग्रजीचे. प्रश्न ५०, प्रत्येकी ४ गुण. उत्तर चुकले तर ४ गुण बुडतातच, वर १.३३ गुण कापले जातात. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार, वाक्यातील चूक ओळखणे, उताऱ्यातील गाळलेली जागा असे प्रश्न येतात. म्हणजे कुठूनही शिरलात तरी शब्द हे लागणारच.

मुलाने ४५ प्रश्न सोडवले होते. उत्तरतालिकेवरून ताडले तर २१ बरोबर, २४ चूक. बरोबरचे ८४ गुण झाले, त्यातून चुकांचे सुमारे ३२ गेले, राहिले ५२. काट्यावर माल भरला आणि कपातीतच गेला, अशी गत. अभ्यास काय केला होता, विचारले. परीक्षेच्या आधी एक महिना हजार शब्दांची यादी पाठ केली होती! रोज तीस-चाळीस शब्द. मागचा शब्द पुढच्याने पुसला गेला.

यात पोराचा दोष कमी. १८८५ साली हर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरे तो स्वतःच पाठ करी आणि किती विसरलो ते मोजून ठेवी. त्याला असे दिसले की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो. वाक्याचा आधार नसलेली शब्दांची कोरडी यादी ही जवळजवळ तशीच अक्षरे झाली. हे वाचल्यावर आम्हाला आपली आंबवणीच आठवली. लागण केली, पहिले पाणी दिले आणि आंबवणी चुकवली, तर पुढे पाट भरून पाणी सोडले तरी गेलेला डोळा उगवत नाही. शब्दाचेही तेच. आज शिकलेला शब्द उद्या पाहायचा, मग चौथ्या दिवशी, आठव्या, पंधराव्या आणि महिन्याने. पाळी चुकली की नांगी पडली.

यासाठी आम्ही सुचवलेली रीत साधी आहे. जाड कागदाच्या पत्त्याएवढ्या चिठ्ठ्या कापाव्यात. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि तो शब्द वापरलेले एक वाक्य. पेटीत पाच खण करावेत. नवी चिठ्ठी पहिल्या खणात. ओळखली की पुढच्या खणात, चुकली की पुन्हा पहिल्यात. पहिला खण रोज बघायचा, पुढचे खण वाढत्या अंतराने. (सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७० च्या दशकात ही पेटी लोकांपुढे मांडली.) दिवसाला आठच शब्द घ्यावेत आणि सातवा दिवस नुसत्या उजळणीचा ठेवावा. आठवड्याला ४८ होतात. चाळीस आठवड्यांत १,९२०. ज्याला हे कमी वाटते त्याने त्या हजारांच्या यादीचे काय झाले ते पाहावे.

वाक्य लिहायचेच, हा आमचा हट्ट आहे. त्याचे कारण आमच्यावरच बेतलेले आहे. आम्ही मराठी माध्यमातले. पदविकेला असताना ऊस लागणीवरील एका इंग्रजी पुस्तिकेत 'सेट' शब्द आला. आम्हाला 'सेट' म्हणजे संच एवढेच ठाऊक. एकरी इतके हजार संच कशाचे लावायचे, यावर आम्ही दोन दिवस डोके खाजवले! शेवटी गुरुजींनी दाखवले की स्पेलिंगमध्ये 'टी' दोनदा आहे आणि अर्थ आहे उसाची टिपरी. पूर्ण वाक्य नीट वाचले असते तर आमचे आम्हालाच कळले असते.

दुसरी गोष्ट, शब्दाचे मूळ. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. आपल्या बिलात 'ट्रान्सपोर्ट' आहे, बाजारात 'एक्सपोर्ट' आणि 'इम्पोर्ट' आहे. मग 'पोर्टेबल' आणि 'डिपोर्ट' आपोआप हाती लागतात. 'डिडक्शन' तर सभासदाला न शिकवता येते. त्यातल्या 'डक्ट'चा अर्थ नेणे. तोच 'कंडक्ट', 'प्रॉडक्ट'मध्ये बसला आहे. 'ॲन्युअल' जनरल मीटिंगमधला वर्षाचा अर्थ 'पेरेनियल' आणि 'सेंटेनियल' यांतही सापडतो. आणि 'शुगर' हा शब्द कुठला? आपल्याच 'शर्करे'चा, फारसी-अरबीतून फिरत युरोपात गेलेला. 'कँडी'च्या मुळाशी 'खंड' आहे. 'जॅगरी'ही पोर्तुगीजांच्या तोंडून शर्करेकडेच पोचते. मुलांना हे सांगावे, इंग्रजीचा धाक निम्मा उतरतो.

मात्र मुळावर डोळे झाकून विसंबू नये. डिस्टिलरीतून निघणाऱ्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. 'इन' म्हणजे नाही, असा नियम लावून कुणी 'न पेटणारे' असा अर्थ काढील आणि जवळ बिडी ओढील तर काय होईल? त्याचा अर्थ 'चटकन पेट घेणारे' असाच आहे. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजेही कवडीमोल नव्हे, अमूल्य. असे फसवे शब्द परीक्षकांना फार आवडतात. त्यांच्या चिठ्ठ्या तांबड्या शाईने लिहाव्यात.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. महागडा क्लास लावण्याआधी त्या सोडवाव्यात. जिथे चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता येत नाहीत तो प्रश्न सोडून द्यावा, हे आमचे मत. दहावीनंतरच तयारीला लागायचे असेल तर छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथे १९७७ पासून मुलांसाठी शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. २०२३ मध्ये नाशिकला मुलींसाठीही सुरू झाली. एन. डी. ए. ची दारे मुलींना २०२१ च्या परीक्षेपासून उघडली आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली.

हे शेवटचे आम्ही त्या सभासदांच्या घरी बोलून गेलो, तेव्हा मुलाची धाकटी बहीण चहा घेऊन आली होती. ती अकरावीला. भावाला वयाच्या अटीत एकच परीक्षा उरली होती, तो पेटी करायला बसला. पण आठवड्याने गेलो तर पेट्या दोन होत्या. तिने विचारले, "काका, खोडव्याला रटून का म्हणतात?" स्पॅनिशमध्ये कोंबाला जो शब्द आहे त्यावरून, असे आम्ही सांगितले, तेही शब्दकोश उघडून. तिने लगेच चिठ्ठी केली.

त्यांच्या आई चौथीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी येत नाही. पण चिठ्ठीची मराठी बाजू त्यांना वाचता येते. भाकरी थापता थापता त्या एकेक अर्थ मोठ्याने वाचतात आणि पोरांनी इंग्रजी शब्द सांगायचा. बरोबर की चूक हे आईला कसे कळणार? म्हणून एक सांगतो आणि दुसरे तपासते. त्यात भांडणे फार होतात, असे वडिलांचे म्हणणे आहे.

ज्यांना चिठ्ठ्यांची पेटी पाहायची असेल त्यांनी आपल्या गटाच्या चिटबॉयकडे निरोप द्यावा, नमुना पाठवू. पुढील अंकात खोडव्यातील पाचट न जाळता कसे कुजवावे, ते पाहू.