उभी धसकटे आणि वाऱ्याने होणारी धूप

पश्चिम राजस्थानात बाजरीची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते; माती उडविणारे वारे मात्र उन्हाळ्यात सुटतात. मधल्या काळात शेत उघडे पडते. सुमारे ०.१ ते ०.५ मिलिमीटर व्यासाचे वाळूचे कण वाऱ्याबरोबर उड्या घेत सरकतात आणि आदळताना त्याहून बारीक, पोषक द्रव्ये धारण करणाऱ्या कणांना हवेत उधळतात. खरी हानी या बारीक कणांची होते.

वाऱ्याची वाळू वाहून नेण्याची क्षमता ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे बॅगनोल्ड यांनी १९४१ च्या ग्रंथात मांडले. म्हणजे वेग निम्मा झाला तर क्षमता एक अष्टमांश उरते. परीक्षार्थींनी हे गणित ध्यानी ठेवावे. उभी धसकटे वाऱ्याचा जोर स्वतःवर घेतात व जमिनीलगतचा वेग घटवितात. तेवढाच काडीकचरा आडवा पसरला तर संरक्षण कमी मिळते. म्हणून पावसापूर्वीची अनावश्यक नांगरट टाळणे श्रेयस्कर.

अडचण आहे ती चाऱ्याची. कापणीनंतर शेते चराईस मोकळी होतात. एकट्या शेतकऱ्याने धसकटे राखण्याचे ठरविले, तरी गावाच्या संमतीवाचून ती उन्हाळ्यापर्यंत टिकणे कठीण.