वजीर देण्यापूर्वी

बुद्धिबळाच्या पटावर सर्वांत टाळ्या घेणारी चाल कोणती, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील : वजीर देऊन केलेली मात. मलाही तसेच वाटे. मासिकांतली ‘तीन चालींत मात करा’ अशी कोडी सोडवता सोडवता माझी अशी समजूत झाली होती की बलिदान हे धाडसाचे काम आहे आणि ज्याच्या अंगी धाडस असेल त्याला ते जमते. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगमधील स्पर्धेत ही समजूत मला महागात पडली. मी वजीर दिला, बघ्यांनी ‘वा!’ म्हटले, आणि पुढच्या दोन चालींत मी डाव घालवून बसलो.

त्या संध्याकाळी जामसंड्याला घरी आल्यावर ओटीवर पट मांडून मी तो डाव आजोबांना दाखवला. त्यांनी माझ्या धाडसाचे कौतुकही केले नाही की थट्टाही केली नाही. एवढेच विचारले : “अरे, वजीर दिलंस ह्या माका दिसता. पण तो कोण कोण खाऊक शकता, ह्या बघितलंस?”

मी बघितले नव्हते. या एका प्रश्नातून मला जे उमगले तेच येथे मांडायचे आहे. वाचकांनी शक्य असल्यास पट मांडून बसावे. घरांची नावे नेहमीचीच आहेत : उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८, आणि पांढरा १ कडून खेळतो.

प्रथम एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात अमेरिकेचा पॉल मॉर्फी एकीकडे व ब्रन्सविकचे ड्यूक आणि काउंट इझुआर ही जोडी दुसरीकडे असा डाव झाला. शेवटी काळ्याचा राजा ई ८, वजीर ई ६, घोडा डी ७, उंट एफ ८ आणि हत्ती एच ८ वर आहे. प्यादी ए ७, ई ५, एफ ७, जी ७ व एच ७ वर आहेत. मॉर्फीचा वजीर बी ३, हत्ती डी १ आणि उंट जी ५ वर आहे; त्याचा राजा व प्यादी दूर आहेत, त्यांचा येथे संबंध नाही. मॉर्फीने वजीर बी ८ वर नेऊन शह दिला. काळ्याला तो घोड्याने मारण्यावाचून इलाज नाही. घोडा डी ७ वरून हलताच डी रांग मोकळी झाली आणि हत्तीने डी ८ वर मात केली. हत्तीला जी ५ वरच्या उंटाचा जोर आहे, आणि तोच उंट ई ७ हे पळण्याचे घरही धरून बसला आहे.

आता हिशोब पाहा. मात झाली तेव्हा राजा व प्यादी सोडून मॉर्फीकडे एक हत्ती आणि एक उंट उरला होता. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट आणि घोडा असा सारा संसार शाबूत होता. पण काळ्याचा हत्ती व उंट आपल्या मूळ घरांतून हललेच नव्हते. म्हणजे मोहऱ्यांची किंमत मोजायची ती पटावर किती आहेत यावरून नव्हे, तर त्या क्षणी त्या जागी किती उपयोगी पडतात यावरून. बलिदानाचे पहिले तत्त्व हेच : आपण वजीर ‘फुकट’ देत नाही, त्याच्या मोलाने एक मोकळी रांग विकत घेतो.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. १८५५ साली कलकत्त्यास जॉन कॉक्रेन हे स्कॉटिश खेळाडू आणि महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्यात एक डाव झाला. कॉक्रेन पांढरे मोहरे खेळत होते. त्यांचा वजीर बी ३ वर व घोडा एफ ७ वर होता. महेशचंद्रांचा राजा जी ८ वर, हत्ती ई ८ वर, उंट जी ७ वर आणि प्यादी जी ६, एच ७ व ई ७ वर होती. कॉक्रेननी घोडा एच ६ वर नेला. हा दुहेरी शह आहे : घोड्याचा शह आहेच, शिवाय घोडा बाजूला होताच वजिराचाही तिरपा शह उघडला. उंट घोड्याला मारू शकतो, पण मग वजिराचा शह राहतो. दुहेरी शहाला राजा हलवणे हाच एक उपाय. राजा एफ ८ वर गेला तर वजीर एफ ७ वर मात. म्हणून तो एच ८ वर गेला तर वजीर जी ८ वर शह! हत्तीने तो मारलाच पाहिजे, आणि मारताच राजाचे उरलेसुरले घर त्याच्याच हत्तीने बुजवले. मग घोडा एफ ७ वर : मात. आपल्याच माणसांच्या गराड्यात राजा गुदमरला. ही युक्ती जुनी आहे. स्पेनमधील लुसेना याच्या १४९७ सालच्या पुस्तकातही ती आढळते.

माझा डाव हुबेहूब असाच दिसत होता, आणि येथेच मी फसलो. माझाही घोडा एफ ७ वर आणि वजीर त्याच तिरप्या रांगेत; प्रतिपक्षाचा राजा जी ८ वर, प्यादी जी ७ व एच ७ वर. फरक दोन. त्याचा हत्ती ई ८ ऐवजी एफ ८ वर होता, आणि एफ ६ वर एक घोडा होता. मी दुहेरी शह दिला, राजा एच ८ वर गेला, आणि मी थाटात वजीर जी ८ वर ठेवला. प्रतिपक्षाने तो हत्तीने न मारता घोड्याने मारला. हत्ती एफ ८ वरच राहिला. माझा घोडा एफ ७ वर शह देऊन उभा राहिला, तर हत्तीने तोही मारला. वजीर न देता घोडाच एफ ७ वर परत आणला असता, तर निदान घोड्याच्या मोबदल्यात हत्ती तरी पदरात पडला असता. पण मला ‘कोड्यातली मात’ दिसत होती, पट दिसत नव्हता.

तेव्हापासून मी वजिराला हात लावण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. माझ्या चालीला किती उत्तरे आहेत? दिलेला मोहरा मारू शकणारे मोहरे किती, आणि त्या प्रत्येकाने मारल्यावर काय होते? शेवटची मात ज्या घरात करायची त्या घरावर कोणाचा जोर आहे? तिन्हींचे उत्तर मिळाले तर ते बलिदान. एकाचेही राहिले तर तो जुगार. छापील कोड्यात उत्तर आहे याची हमी संपादकाने दिलेली असते. प्रत्यक्ष डावात ती हमी कोणी देत नाही, ती आपणच मिळवावी लागते.

अशी कोडी रचण्याची आवड आपल्याकडेही जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अवतार १८१४ साली मुंबईत छापला गेला, म्हणजे पेशवाई अस्तास जाण्याच्या चार वर्षे आधी. त्यात पटावरील निवडक स्थिती युरोपीय पद्धतीस जुळवून दिल्या आहेत. आपल्या देशी खेळात प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजत. शिवाय ‘बुर्जी’चा नियम होता : एका बाजूचा राजा एकटाच उरला की दुसऱ्याला पुरा विजय मिळत नसे. त्यामुळे हरणारा गडी आपले उरलेले मोहरे मुद्दाम मारायला लावी, आणि जिंकणाऱ्यालाच ते न मारण्याची काळजी घ्यावी लागे. देणे आणि घेणे यांचा हिशोब किती उलटसुलट होऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

शेवटी वाचकांसाठी एक फार प्राचीन कोडे. आख्यायिका अशी की, एका सरदाराने डावात आपली बायको दिलाराम हिलाच पणाला लावले. डाव हरत आला तेव्हा तिने आडून सुचवले : दोन्ही हत्ती द्या, पण मला देऊ नका. पांढरे : हत्ती एच १ व एच ४, उंट एच ३, घोडा जी ४, प्यादी एफ ६ व जी ६. काळे : राजा जी ८, एक हत्ती बी २, त्याची आडवी रांग मोकळी आहे. पुढच्याच चालीत पांढऱ्यावर मात येऊ घातली आहे. एक ध्यानात ठेवावे : त्या काळचा उंट तिरपा बरोबर दोन घरे जाई आणि मधल्या मोहऱ्यावरून उडी मारी. पुढे वाचण्यापूर्वी सोडवून पाहावे.

उत्तर : हत्ती एच ४ वरून एच ८ वर शह, राजाने तो मारला. उंट घोड्यावरून उडी मारून एफ ५ वर. एच १ वरच्या हत्तीचा शह उघडला. काळा हत्ती एच २ वर आडवा आला. पांढऱ्या हत्तीने तो मारून पुन्हा शह दिला. राजा जी ८ वर. हत्ती पुन्हा एच ८ वर. राजाने तोही मारला. प्यादे जी ७ वर शह. एच ७ वर उंटाचा डोळा आहे, म्हणून राजा जी ८ वर. घोडा एच ६ : मात.

दोन्ही हत्ती गेले. एक उंट, एक घोडा आणि दोन प्यादी यांनी काम केले. मला या गोष्टीत दिलारामचे धाडस दिसत नाही. पणाला ती स्वतः लागली होती. म्हणूनच तिने प्रत्येक घर मोजले असावे. आजोबांनी ओटीवर विचारलेला प्रश्न तिला कोणी विचारावा लागला नाही.